विजेची गाडी घेताय? आधी घरचं अर्थिंग तपासा

ज्याच्या विहिरीवर थ्री-फेज मोटर आहे, त्याला विजेच्या गाडीतलं अर्धं यंत्र ओळखीचं आहे. तीन फेजची वीज स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, वाइंडिंगमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्यामागोमाग आतला रोटर फिरतो. पाणबुडी पंपात हेच घडतं, गाडीतही हेच. ज्याच्या शेतात एसी मोटरचा सौर पंप बसलाय त्याला पुढचाही भाग समजेल, कारण पॅनलची डीसी वीज तीन फेजच्या एसीत बदलणारा पंपाचा कंट्रोलर आणि गाडीतला इन्व्हर्टर ही सख्खी भावंडं आहेत. उरली बॅटरी. गाडीची किंमत, पल्ला, आयुष्य, उन्हाळ्यातलं वागणं, सगळं तिच्यावर ठरतं. आणि ती भरायची असते तुमच्याच घराच्या मीटरवरून. म्हणून मराठवाड्यात विजेची गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये जाण्याआधी घरचा मेन बोर्ड आणि अर्थिंगचा खड्डा बघावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी युनिट आणि किलोवॅट वेगळे करा

हौदात किती पाणी मावतं हा एक आकडा आणि नळाची धार किती हा दुसरा. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात सांगतात. तेच आपलं वीजबिलातलं युनिट. चार्जरची ताकद किलोवॅटमध्ये सांगतात, ती झाली धार. ३० युनिटांचा हौद ३ किलोवॅटच्या धारेने भरायला दहा तास लागणार, वर थोडा वेळ गळतीचा.

आपल्याकडच्या लहान-मध्यम गाड्या एका युनिटात साधारण ६ ते ८ किलोमीटर जातात. गावात हळू चालवली तर ८ च्या जवळ, महामार्गावर ताशी १०० ने पिटाळली तर ६ च्याही खाली. कंपनीच्या कागदावरचा पल्ला प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. रस्त्यावर त्याच्या ६५ ते ७५ टक्के धरून चाला. तीनशे लिहिले असतील तर दोनशे ते सव्वादोनशे.

आता पेट्रोलशी तुलना करू. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. पण इंजिन त्यातली सुमारे पाऊण उष्णता म्हणून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर टाकतं. मोटर मात्र मिळालेल्या विजेतली ९० टक्क्यांहून जास्त कामाला लावते. ३० युनिटांची बॅटरी म्हणजे सव्वातीन लिटर पेट्रोलएवढीच ऊर्जा, तरी गाडी दोनशे किलोमीटर जाते, ते याचमुळे.

बॅटरीपासून चाकापर्यंत

बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा असं समजू नका. आत शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त सेल असतात. लोह-फॉस्फेट म्हणजे एलएफपी जातीचा सेल ३.२ व्होल्टचा, निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे एनएमसीचा ३.६ ते ३.७ व्होल्टचा. असे सेल एकापुढे एक जोडून ३०० ते ४०० व्होल्टचा पॅक होतो. प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज आणि ठिकठिकाणचं तापमान पाहणारी यंत्रणा म्हणजे बीएमएस. एक सेल जरी मर्यादेबाहेर गेला तरी ती चार्जिंग मंद करते, नाहीतर थांबवते. गाडी ‘विनाकारण’ चार्ज होत नाही असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा बीएमएस आपलं काम करत असते.

सुरू करताना सीटखालून ‘टक्’ असा आवाज येतो. ते कॉन्टॅक्टर, अगदी पंपाच्या स्टार्टरमधले असतात तसे. ते ओढले गेले की बॅटरी इन्व्हर्टरला जोडली जाते. इन्व्हर्टर डीसीची तीन फेज एसी करतो आणि मोटरचा वेग ठरवणारी फ्रिक्वेन्सी शून्यापासून हवी तेवढी चढवतो. म्हणून गाडीला पंपासारखा सुरुवातीचा झटका बसत नाही. पहिल्या क्षणापासून मोटरला पूर्ण ओढ मिळते, त्यामुळे क्लच आणि पाच गिअरची गरजच उरत नाही. मोटरचे साधारण नऊ-दहा फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा, एवढा एकच रिडक्शन गिअर असतो. सध्याच्या बहुतेक गाड्यांच्या रोटरमध्ये निओडिमियमचे कायमचे चुंबक असतात. पंपाच्या इंडक्शन मोटरपेक्षा फरक एवढाच.

पाय उचलला की चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनरेटर होते आणि वीज परत बॅटरीत जाते. यातून किती मिळतं ते कन्नड घाटावरून मोजू. कन्नड ते चाळीसगाव उंचीतला फरक साधारण ३०० मीटर. दीड टनाची गाडी तेवढी वर चढवायला नेहमीच्या खर्चाशिवाय सुमारे सव्वा युनिट लागतं. म्हणजे घाट चढताना आठ-दहा किलोमीटरचा पल्ला जास्तीचा गेला. उतरताना त्यातला अर्ध्याहून जास्त हिस्सा परत मिळतो. एक खबरदारी: बॅटरी १०० टक्के भरून घाट उतरायला निघालात तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. मग गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्याने ९० टक्क्यांवर थांबावं.

आणखी दोन डबे ओळखून ठेवा. ऑनबोर्ड चार्जर घरच्या एसी विजेची डीसी करून बॅटरी भरतो. डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरत राहतो. दिवे, लॉक, संगणक आणि ते ‘टक्’ करणारे कॉन्टॅक्टर याच छोट्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे मोठी बॅटरी भरलेली असूनही १२ व्होल्टची बसली तर गाडी जागची हलत नाही.

मोटर जुनीच, अडलं होतं साठवणीपाशी

विजेची गाडी नवी आहे हा गैरसमज. फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये पुन्हा भरता येणारी लेड-ॲसिड बॅटरी केली. १८८१ मध्ये गुस्ताव्ह ट्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखवली. कामी जेनात्झी यांनी १८९९ मध्ये विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, तोवर कुठलीही मोटारगाडी तिथपर्यंत पोचली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा विजेच्या टॅक्सीसुद्धा धावत होत्या.

मग मागे का पडली? १९०८ मध्ये फोर्डची स्वस्त पेट्रोल गाडी मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचा त्रास गेला. खरी अडचण मात्र वजनाची होती, आणि ती तुम्हाला घरातच दिसेल. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी उचलून पाहा: ५५-६० किलो, आणि आत वीज किती? १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॅट-तास, अर्थात १.८ युनिट. ३० युनिट हवे असतील तर अशा सतरा बॅटऱ्या, जवळपास एक टन. आजचा तेवढ्याच क्षमतेचा लिथियम पॅक अडीचशे किलोच्या आसपास असतो.

हा फरक पडायला बराच काळ गेला. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये जॉन गुडइनफ, १९८५ मध्ये अकिरा योशिनो अशी लिथियम-आयन सेलची वाट तयार झाली. या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोनीने १९९१ मध्ये हे सेल बाजारात आणले ते कॅमेऱ्यासारख्या वस्तूंसाठी. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये वापरतात त्या आकाराचे ६,८३१ सेल जोडलेले होते. आपल्याकडे बेंगळुरूची रेवा २००१ मध्ये आली, तीही लेड-ॲसिडवरच. सामान्य कुटुंबाची गाडी म्हणता येईल अशी टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० ची, ३०.२ युनिटांची. २०२२ मध्ये संभाजीनगरच्या उद्योजकांनी एकत्र येऊन विजेच्या गाड्या एकगठ्ठा घेतल्या आणि शहरात त्या नजरेस पडू लागल्या.

या इतिहासातली एक गोष्ट मराठवाड्याने लक्षात ठेवावी. २०१० च्या निस्सान लीफमध्ये बॅटरी थंड करणारी द्रवाची यंत्रणा नव्हती. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात दोन-तीन वर्षांतच त्या बॅटऱ्यांची क्षमता लक्षात येण्याइतकी घटली आणि २०१२ मध्ये तक्रारींचा गाजावाजा झाला. परभणी-नांदेडचा मे महिना आठवा. इथे गाडी घेताना पहिला प्रश्न ‘बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का’ हाच असावा. सनरूफचं नंतर बघू.

घरची तयारी: ही पायरी चुकवू नका

नव्या मालकाच्या पहिल्या महिन्यातल्या बऱ्याचशा तक्रारी गाडीच्या नसतात, घरच्या वायरिंगच्या असतात. कामं याच क्रमाने करा.

१. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ पाहा. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा पोर्टेबल चार्जर साधारण ३ किलोवॅट ओढतो, तोही आठ-दहा तास सलग. भिंतीवरचा मोठा चार्जर ७.२ किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपिअर. मंजूर भार २ किलोवॅट असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज आधी करा. घरात एसी आणि गिझर असून मोठा चार्जरही हवा असेल तर थ्री-फेज कनेक्शन घ्या. मोठ्या चार्जरवर पैसे घालण्याआधी गाडीचा ऑनबोर्ड चार्जर विचारा. तो ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ चा लावून फारसा वेळ वाचत नाही.

२. मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा. १५-१६ अँपिअरच्या सॉकेटसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, ३२ अँपिअरसाठी ६ ची, आणि अंतर तीस मीटरहून जास्त असेल तर १० ची. वाड्याच्या पुढच्या दारात मीटर आणि मागच्या गोठ्याशेजारी गाडी अशी रचना असते तिथे या शेवटच्या आकड्याकडे लक्ष द्या. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच, अनुक्रमे २० आणि ४० अँपिअरचा. सोबत ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. आरसीसीबी माणूस वाचवण्यासाठी असतो, पैसे वाचवायला तो गाळू नका.

३. सॉकेट चांगल्या कंपनीचं, घट्ट पकडीचं, शक्यतो औद्योगिक प्रकारचं घ्या. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर आत संपर्क सैल आहे, लगेच बंद करा. एक्स्टेंशन बोर्ड कधीच वापरायचा नाही. कुलर आणि गाडी एकाच बोर्डावर लावल्याने सॉकेट वितळतं.

४. आता अर्थिंग. विजेची गाडी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते पटलं नाही तर लाल दिवा दाखवून थांबते. मराठवाड्यात ही अडचण जास्त येते, त्याला जमीन कारण आहे. काळी माती पावसाळ्यात ओल धरते पण उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. तिच्याखाली मुरूम आणि काळा पाषाण, तो विजेला वाट देत नाही. त्यामुळे ऑगस्टमध्ये नीट चार्ज होणारी गाडी एप्रिलमध्ये अडून बसते.

अडीच-तीन मीटर खोल खड्डा, त्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट मातीसारखं ओल धरणारं मिश्रण. आमची पसंती बेंटोनाइटला, कारण मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि पाइपही गंजवतं. जागा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ किंवा झाडांच्या आळ्याशेजारी निवडा. पाषाण लवकर लागला तर एकाच खड्ड्याशी झगडण्यापेक्षा तीन मीटर अंतरावर दुसरा घ्या आणि दोन्ही जोडा. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत यायला हवं. मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

तपासणी मल्टिमीटरने इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा शेवटचा आकडा दहा-वीसच्या वर गेला तर अर्थिंग तरी कच्चं आहे नाहीतर न्यूट्रल सैल आहे.

लाल दिवा घालवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडण्याची युक्ती काही जण सुचवतात. चार्जर फसतो, चार्जिंग सुरूही होतं. पण त्यानंतर कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पूर्ण पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं असलेलं पोर दाराला हात लावतं. ही जोडणी कुणी केली असेल तर आजच काढा.

५. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटला की घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि संध्याकाळी लोड वाढला की १८० वरही उतरतं. १७० च्या खाली आणि २७० च्या वर आपोआप तोडणारा प्रोटेक्टर चार्जरच्या लाइनवर लावा. कमी व्होल्टेजमध्ये चार्जिंग संथ होतं, कारण अँपिअर तेवढेच राहतात. ३२ अँपिअर १९० व्होल्टवर म्हणजे जेमतेम ६ किलोवॅट. रात्री अकरानंतर लावलं तर व्होल्टेजही चांगलं मिळतं आणि दिवसभर तापलेली गाडीही निवलेली असते.

शेतपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायची नाही. सवलतीची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीची लेखी परवानगी आणि पार्किंगपर्यंतची वायर याचा निकाल बुकिंगआधी लावावा. स्वतःची हक्काची पार्किंगची जागाच नसेल तर तूर्त विजेची गाडी घेऊ नये, असंच आम्ही सांगू. केवळ सार्वजनिक चार्जरवर अवलंबून रोजचा संसार होत नाही.

बिलाचं गणित

महिन्याला १,२०० किलोमीटर, युनिटला ७ किलोमीटर, म्हणजे १७० च्या आसपास युनिट. चार्जिंगमधली गळती दहा-बारा टक्के धरली की मीटरवर १९० दिसतील. घराचा आधीचा वापर १२० असेल तर बेरीज ३१० होते आणि तुम्ही ३०१ ते ५०० च्या स्लॅबमध्ये शिरता. त्यामुळे सरासरी दराने हिशेब करू नका, वाढलेले युनिट ज्या स्लॅबमध्ये पडतात त्याचा दर लावा. तरीही पेट्रोलपेक्षा खर्च बराच कमी येतो.

घराचं छत मोकळं असेल तर सौर पॅनल लावा. १ किलोवॅटचे पॅनल आपल्या उन्हात दिवसाला सरासरी ४ युनिट देतात. ३ किलोवॅट म्हणजे १२ युनिट, म्हणजे रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. नेट मीटरिंगमुळे दुपारी तयार झालेली वीज रात्री वापरल्यासारखी वजा होते, त्यामुळे गाडी दुपारी घरी असण्याची गरज नाही.

बॅटरी कुठली आणि रोज किती भरायची

आपल्या हवेला एलएफपी बरी. वजनाच्या मानाने थोडी कमी वीज साठवते, पण उष्णता जास्त सोसते आणि चार्जिंगच्या फेऱ्याही जास्त देते. तिची खोड एकच: भरलेली असो वा निम्मी, सेलचा व्होल्टेज जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे बीएमएसला नेमकी किती शिल्लक आहे याचा अंदाज चुकतो. म्हणून आठवड्यातून एकदा घरच्या संथ चार्जरवर १०० टक्के भरू द्या. हे टाळलं तर पडद्यावर १५ टक्के असताना अचानक ५ दिसण्याचे प्रकार घडतात. एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा आणि लांब जायचं त्या पहाटे १०० करा.

दोन्ही जातींना सगळ्यात घातक काय, तर १०० टक्के भरून उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवणं. लग्नसराईत पंधरा दिवस गावी जाणार असाल तर ५० टक्क्यांवर ठेवून लिंबाच्या सावलीत किंवा पत्र्याऐवजी स्लॅबखाली लावा.

बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. किती टक्के क्षमता उरेपर्यंत ती लागू आहे, हे कागदावर वाचा. जुनी गाडी घेत असाल तर सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

लांबचा प्रवास: संभाजीनगर ते लातूर

बीडमार्गे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी ४० युनिटांची, वेग ताशी ८०, सरासरी युनिटला साडेसहा किलोमीटर. एका दमात २६० किलोमीटर जाईल, म्हणजे पोचणार नाही. पूर्ण भरून निघालात की बीडला १३० किलोमीटरवर निम्मी बॅटरी उरते. तिथे ८० टक्क्यांपर्यंत भरा: १२ युनिट, ३० किलोवॅटच्या डीसी चार्जरवर साधारण पंचवीस मिनिटं. पुढे लातूरला पोचताना पाव बॅटरी शिल्लक.

बीडला निम्मी बॅटरी असताना का थांबायचं, अंबाजोगाईपर्यंत ताणलं तर काय बिघडतं? अंबाजोगाईला पोचेपर्यंत १५ टक्क्यांच्या आसपास राहिलेत आणि तिथला चार्जर बंद, किंवा लाइट गेलेली, किंवा पुढे दोन गाड्या रांगेत. मग पर्यायच उरत नाही. निम्म्यावर थांबलात तर एक चार्जर बिघडला तरी पुढचा गाठता येतो. निघण्याआधी किमान तीन कंपन्यांची ॲप मोबाइलमध्ये घेऊन त्यांच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे भरून ठेवा. चार्जरजवळ पोचल्यावर ओटीपी आला नाही, रेंज नाही, अशा कारणांनी अर्धा तास सहज जातो. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसला तरी आजच कुणी तिथे चार्ज केलंय का, ते पाहा.

आपल्याकडच्या गाड्यांना सीसीएस-२ प्रकारची गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, लागते. ८० टक्क्यांनंतर बॅटरी मुद्दाम धार कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० एवढा वेळ लागू शकतो, म्हणून रस्त्यात १०० करत बसू नका. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने चालवण्याचा मोह होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट. पल्ला डोळ्यांदेखत उतरतो. ९० वर चालवलं तर बऱ्याचदा एक थांबा वाचतो आणि तुम्ही आधी पोचता.

ऊन, वळीव आणि वीज

मे महिन्यात दुपारी तीनला महामार्गावरून आलात आणि ६० किलोवॅटच्या चार्जरवर पंचवीसच मिळतात, तर चार्जर खराब आहे असं समजू नका. तापलेली बॅटरी स्वतःच धार कमी करून घेते. पहाटे निघावं आणि चार्जिंगचा थांबा दहाच्या आत घ्यावा.

एसीचा खर्च समजून घ्या. तापलेली गाडी थंड करताना तो २ किलोवॅटच्या आसपास ओढतो, नंतर एकवर येतो. ८० च्या वेगाने जाताना मोटरला बारा-तेरा किलोवॅट लागतात, त्यात एकची भर किरकोळ. पण संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत ताशी पंधराने रखडताना तोच एसी मोटरएवढी वीज खातो. निघण्याआधी दहा मिनिटं, गन लावलेली असतानाच एसी सुरू करा. थंड होण्याचा खर्च मीटरवर जाईल, बॅटरीवर नाही.

पावसात चार्जिंग करता येतं. गाड्यांच्या बॅटरी पॅकला सहसा आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. पण हा दर्जा पॅकचा आहे, भिंतीवरच्या तुमच्या सॉकेटचा नाही. पोर्टेबल चार्जरचा डबा जमिनीवर पडू देऊ नका, सॉकेटवरही लोंबकळू देऊ नका. खिळ्याला अडकवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की गन काढून ठेवा आणि मेन बोर्डात विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारा टाइप-२ चा सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या. नाल्याला पूर असेल तर पुलावरून गाडी घालायची नाही, हा नियम विजेच्या गाडीलाही तसाच.

बिघाड आणि काय करायचं

गाडी पूर्ण निपचित, दारही उघडत नाही: १२ व्होल्टची बॅटरी गेली. तिचं आयुष्य तीन-चार वर्षांचं, आपल्या उन्हात तीनच धरा. जंप-स्टार्ट होते, पण केबल कुठे लावायची ते पुस्तिकेत पाहून.

चार्जिंग सुरू होऊन पाच मिनिटांत थांबतं: आधी न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज, मग सॉकेटची उष्णता, मग गनच्या पिनांवरची धूळ. कापूस-सोयाबीनच्या हंगामात धूळ फार बसते, कव्हर उघडं ठेवू नका.

पडद्यावर कासव दिसलं: बॅटरी फार उतरली किंवा तापली आहे, ताकद कमी केली गेलीय. शांतपणे डाव्या बाजूला या.

टो करायची वेळ आली तर दोर बांधून ट्रॅक्टरमागे ओढू नका. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच बोलवा.

कूलंट कमी झालं तर बोअरचं पाणी ओतू नका. आपल्या भूजलातले क्षार पाइपात साचतात आणि असं पाणी वीजही वाहून नेतं. कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला, आणि ते कमी का झालं हे तपासून घ्या.

अपघातानंतर नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नका, त्यातून तीनशे-चारशे व्होल्ट जातात. तळाला दगडाचा मोठा मार बसला असेल तर गाडी चालत असली तरी पॅक तपासून घ्या. पॅकमधून धूर किंवा सिसकारी आली तर सगळे उतरून लांब जा आणि अग्निशमन दलाला फोन करताना ‘विजेची गाडी आहे’ हे पहिल्यांदा सांगा. त्यांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाणी आणावं लागतं.

देखभालीत इंजिन ऑइल, फिल्टर, बेल्ट गेले. राहिलं ब्रेक ऑइल, एसी फिल्टर, टायर. गाडी जड असल्याने हवा कमी असली की टायर लवकर झिजतात. दारावरच्या पट्टीतला आकडा पंधरा दिवसांनी तपासा. ब्रेक फार वापरले जात नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात डिस्क गंजते. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही पाहून, पाच-सहा वेळा ब्रेक जोरात दाबा.